पुस्तकातली जात

मी घाबरट बाई नाही. कोळीवाड्यात वाढलेल्या मुलीला घाबरट राहून चालत नाही, तिथे मांजरंसुद्धा दादागिरी करतात. पण साठच्या दशकाच्या शेवटी शेवटी एका वर्षी मला एका शब्दाची इतकी भीती बसली, की तो फळ्यावर लिहिताना माझा हात घामाने ओला व्हायचा. शब्द दोनच अक्षरांचा होता. जाती.

घाटकोपरच्या एका मराठी शाळेत मी नववीला विज्ञान शिकवत होते. त्या वर्षी नवं पुस्तक आलं. जुन्या पुस्तकात अर्धे शब्द इंग्रजीच होते. ते देवनागरीत लिहून पाठ करून घ्यायचे, संपलं काम, कोणाचं काही अडत नव्हतं. नव्या पुस्तकात मात्र सगळं शुद्ध मराठी. सजीवांची एकमेकांशी नाती सांगणारी एक उतरंडच होती: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती आणि तळाला जाती. हे शब्द ज्या विद्वानाने पाडले तो पंख्याखाली बसून पाडत असणार, नववी ब पुढे उभं राहून नक्कीच नाही. 'गण' म्हटलं की मागच्या बाकांवर पत्रिकेतले देवगण आणि राक्षसगण सुरू व्हायचे. 'कुल' म्हटलं तेव्हा एकीने विचारलं, की मांजराच्या कुलाचं कुलदैवत कोणतं.

आणि 'समजात अवयव'. भिंतीवरच्या तक्त्यात माणसाचा हात, वटवाघळाचा पंख, घोड्याचा पाय आणि देवमाशाचा पर शेजारी शेजारी काढले होते. आतली हाडं सारख्याच रंगांत रंगवलेली. एकाच पूर्वजापासून आलेले, म्हणून समजात. 'जात' म्हणजे इथे जन्मलेला, संस्कृतातला शब्द आहे, अशी फोड मी फळ्यावर दोनदा करून दाखवली. तरी चाचणीत निम्म्याहून जास्त मुलांनी लिहिलं, की समजात अवयव म्हणजे एकाच जातीचे अवयव. एका पठ्ठ्याने तर उदाहरण म्हणून स्वतःची जात लिहिली होती. मी पेपर तपासताना एकटीच हसले. तेव्हा अजून हसू येत होतं.

हे नात्यांचं शास्त्र मला कॉलेजपासून आवडायचं. माझी आई अंधेरीच्या बाजारात मासळी विकायची. तिच्या पाटीत पापलेट, बोंबील, कोलंबी, खेकडे, सगळी मासळीच. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी मोठ्या तोऱ्यात तिला सांगितलं, की कोलंबी हा मासाच नव्हे, ती माशापेक्षा झुरळाची जवळची नातेवाईक आहे. आईने कोलंबी सोलणं थांबवलं नाही. म्हणाली, "बाय, ह्या बाजारान बोलू नको." कोण कोणाचा नातेवाईक हे कुठे बोलायचं आणि कुठे नाही, एवढं शास्त्र तिला माझ्याहून जास्त कळत होतं.

माझं लग्न जातीबाहेरचं. नवरा मालवणकडचा, त्याचे वडील गिरणीत होते, तो स्वतः मरोळच्या एका कारखान्यात टर्नर. आम्ही नोंदणी पद्धतीने लग्न केलं तेव्हा दोन्ही घरांनी तोंडं फिरवली. वर्षभराने सासूबाईंनी घरात घेतलं, टेकडीवरच्या चाळीत, दोन खोल्यांत. आईही हळूहळू येऊ लागली. शाळेत मात्र मी सासरचं आडनाव लावून होते. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. हेडमास्तर एकदा कौतुकाने म्हणाले, की बाई आपल्यातल्याच आहेत. मी मान हलवली आणि हजेरीपट घेऊन वर्गात गेले.

पहिलं मूल चौथ्या महिन्यात पोटातच गेलं. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. सासूबाई पेजेची वाटी घेऊन उशाशी बसल्या, माझ्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "रगात वेगळा गो. जुळूक येळ लागतलो." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्या धीरच देत होत्या. आईला कळलं तेव्हा तीही जवळजवळ तेच बोलली, फक्त तिच्या बोलीत. दोघींचं आयुष्यात पहिल्यांदाच एका गोष्टीवर एकमत झालं, ते हे. मी बी.एस्सी. झालेली, मी दोघींनाही अडाणी ठरवलं. आणि ते वाक्य जाऊन जाऊन जाणार कुठे, माझ्याच आत जाऊन बसलं.

पुढच्या वर्षी मला पुन्हा दिवस राहिले. पाचवा महिना सरत आला तरी पोटात हालचाल जाणवत नव्हती. शाळेत कोणाला सांगितलं नव्हतं. दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन वावरत होते. आणि नेमका त्याच आठवड्यात उत्क्रांतीचा धडा आला.

पुस्तकात जातीची व्याख्या होती. ज्यांचा आपापसांत संकर होतो आणि त्यातून होणाऱ्या संततीलाही पुढे संतती होते, ते सगळे एका जातीचे. दोन वेगळ्या जातींचा सहसा संकर होत नाही. झालाच तर होणारी संतती वांझ निघते, जसं घोडी आणि गाढव यांचं खेचर. मी हे वाचून दाखवत होते आणि वाचता वाचता माझाच आवाज मला लांबून आल्यासारखा ऐकू येऊ लागला. इतकी वर्षं मी हे इंग्रजीत वाचलं होतं. इंग्रजीत तो शब्द माझ्याबद्दल नव्हता. मराठीत आला आणि थेट माझ्या घरात शिरला.

तिसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली. घट्ट वेण्या, हात वर करताना दुसऱ्या हाताने कोपर धरायची सवय. कधी फारसं न बोलणारी. म्हणाली, "बाई, दोन जातींचं लग्न झालं तर?"

वर्ग हसला. मागून कोणीतरी म्हणालं, "खेचर." आणखी हशा.

हिला कळलंय, एवढंच माझ्या मनात आलं. कोणीतरी सांगितलं असणार, चाळीतलं कोणी, बाजारातलं कोणी. ती माझ्या पोटाकडे बघतेय असंही वाटलं. मी म्हटलं, "खाली बस. ते अभ्यासक्रमात नाही." आणि घंटा व्हायला दहा मिनिटं असताना धडा संपवून मुलांना आकृती उतरवायला दिली. शिक्षिका म्हणून मी पुष्कळ चुका केल्या असतील, पण त्या वाक्याची मला अजून लाज वाटते.

त्या दिवसापासून भीती माझ्याबरोबर जेवायला बसू लागली. रिकामा तास आला की मी पोटावर हात ठेवून वाट बघायची. काही नाही. मग वाटायचं, हललं, आणि नसायचंच. दुसरं मन लगेच मास्तरकी करायचं: अगं मूर्खे, जात म्हणजे जाती नव्हे, कोळी आणि मालवणी हे काय घोडा आणि गाढव आहेत का? पहिलं मन ते ऐकून घ्यायचं आणि पुन्हा घाबरायचं. दोन दिवसांनी तांदूळ धुताना आत काहीतरी लुकलुकलं. मी तांदूळ तसेच टाकून खाली बसले आणि रडले. वाटलं, सुटले. तर दुसऱ्या दिवशी सकाळभर हालचाल नव्हती आणि सगळं पहिल्यापासून सुरू.

नवऱ्याला सांगितलं. तो हसला. म्हणाला, "अगं, आमच्याकडे नट एका कंपनीचा असतो, बोल्ट दुसऱ्या. आटे जुळले की झालं." एरवी मीही हसले असते. त्या दिवशी त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. त्याला हसणं परवडत होतं, पोट माझं होतं.

मग डॉक्टरीणबाईंनी भर घातली. पहिलं मूल गेलेलं, म्हणून त्या म्हणाल्या, की दोघांचं रक्त तपासू, जुळतं का ते बघू. अगदी हेच शब्द. माझ्या कानात सासूबाईंचा आवाज आला. माझा चेहरा बघून त्यांनी समजावलं, की यात जातीबितीचा काही संबंध नाही. रक्तात आरएच म्हणून एक घटक असतो, त्याचं नाव एका माकडावरून पडलंय. आईच्या रक्तात तो नसला आणि बाळाच्या असला, तर त्रास होऊ शकतो, बस एवढंच. सख्ख्या मामेभावाशी लग्न केलेल्या बाईलाही होऊ शकतो. घरी येताना मी स्वतःला समजावत होते, की माकडाच्या नावाचं काहीतरी ज्या रक्तात असतं, त्या रक्ताला कोळी-मालवणी काय कळणार? समजूत पटत होती आणि भीती जात नव्हती. पटणं आणि जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तेव्हा मला नीट कळलं.

रिपोर्ट यायला चार दिवस लागले. त्यातल्या पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत मी व्हरांड्यातून जात होते. मागे मुलांचा घोळका होता, पुढे एकदोन मुली. त्यातून शब्द आला, "ए खेचर." मी वळून पाहिलं नाही. मला वाटलं, माझ्याच पाठीवर मारलाय. मी सरळ प्रयोगशाळेत गेले, दार लावलं, आणि बेडकांच्या बरण्यांपुढे उभी राहून सुट्टी संपायची वाट पाहिली. शिक्षिकेने शिव्या ऐकून दार लावून घेणं, हे माझ्या हातून झालं.

रिपोर्ट चांगला आला. दोघांच्याही रक्तात तो माकडाचा घटक होता. नवरा पेढे आणायला निघाला, मी त्याला थांबवलं. अजून चार महिने बाकी होते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर एक बाई मला भेटायला आली. नेटकं सुती पातळ, बोटांवर सुयांचे व्रण, कपडे शिवणारी होती. हातात विज्ञानाचं पुस्तक, त्यात एका पानावर बोट घालून धरलेलं. तिसऱ्या बाकावरच्या मुलीची आई. मुलगी चार दिवस शाळेत आली नव्हती आणि मी, रोज हजेरी घेणारी, ते टिपूनसुद्धा त्याचा विचार केला नव्हता.

तिने सांगितलं, की ती एका जातीची आणि तिचा नवरा दुसऱ्या. कुठल्या तेही सांगितलं. मी इथे लिहीत नाही, कारण वाचणारा लगेच वर-खाली लावून बघेल. मुलांना हे कुठून तरी कळलं होतं. त्या धड्यानंतर वर्गात तिच्या मुलीला सगळे खेचर म्हणत होते. म्हणजे व्हरांड्यातला तो शब्द माझ्यासाठी नव्हताच. माझ्या पुढे एक चौदा वर्षांची पोर चालली होती, तिच्यासाठी होता, आणि मी तो स्वतःवर ओढून घेऊन दार लावून बसले होते.

"घरी आली आणि म्हणाली, आई, मला कधी मूल होणार नाही," बाई सांगत होती. "मी म्हटलं, काहीतरी काय बोलतेस. तर तिने पुस्तक दाखवलं."

तिने पान उघडून माझ्यासमोर धरलं. खेचराच्या ओळीखाली पेन्सिलची रेघ होती. मी घाईघाईने समजावू लागले, की ही जाती वेगळी आणि आपली जात वेगळी, जगातली सगळी माणसं मिळून एकच जाती. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"मग शब्द वेगळा का नाही घातला?" तिने विचारलं.

मी पुस्तक मिटून तिच्या हातात दिलं. ती उठली, पण दाराशी थांबली. आवाज एकदम खाली आणून म्हणाली, "बाई, हिच्या पाठीवर मला झालंच नाही. इतकी वर्षं मी नशीब म्हणत होते. आता हे पुस्तकातच आलं, म्हणून विचारायला आले." आणि मग, जरा थांबून, "तिला तुम्हीच सांगा. माझं ऐकत नाही. म्हणते, बाईंनी हे खोटं आहे असं कुठे म्हटलं?"

मला वाटत होतं, की त्या शब्दाला घाटकोपरात मी एकटीच घाबरले आहे. तीन जणी होतो आम्ही, आणि तिघींत उत्तर येणारी मी एकटी, आणि मीच गप्प बसले होते.

मुलगी परत आली त्या दिवशी मी तास सुरू करताना पुस्तक उघडलं नाही. टेबलाला टेकून उभी राहिले. मी वर्गाला सांगितलं, की त्या दिवशी एक प्रश्न आला होता आणि मी त्याचं उत्तर दिलं नाही, कारण मला भीती वाटली. मी जन्माने कोळी. माझे यजमान मालवणकडचे, वेगळ्या जातीचे. आणि मला सहावा महिना चालू आहे. त्या काळी शिक्षिका वर्गात असलं बोलत नसे. पहिल्या बाकावरच्या मुली खाली बघू लागल्या. बाहेर शिपाई बादली ओढत होता तेही ऐकू आलं. मी म्हटलं, "म्हणजे पुस्तकातली जात आणि आपली जात एक नाही. एक असती तर हे झालंच नसतं."

मला वाटलं, मी फार मोठं धाडस केलं. मी तिच्याकडे पाहिलं. ती उभी राहिली, कोपर धरून.

"पण बाई," ती म्हणाली, "खेचरही जन्माला येतंच."

ती बरोबर होती. धडा तिला माझ्यापेक्षा चांगला समजला होता. माझ्या पोटातलं मूल जन्माला आलं तरी काहीच सिद्ध होत नव्हतं, व्याख्येने ते आणखी एक पिढी पुढे ढकलून ठेवलं होतं. मी माझं बाळ तिच्यापुढे पुरावा म्हणून ठेवलं आणि तिने ते तपासून, अपुरा आहे म्हणून परत दिलं. मग मी जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. जगभर सगळीकडच्या माणसांची एकमेकांशी लग्नं होतात, त्यांना मुलं होतात, नातवंडं होतात, हे सगळं शांतपणे सांगितलं. पुस्तकातला 'जाती' शब्द खोडून वर 'स्पीशीज' लिहायला लावलं. हेडमास्तरांनी पुस्तकं खराब केल्याबद्दल मला नंतर बोलावून घेतलं आणि आपल्यातल्या असण्याचा विषय त्यानंतर कधी काढला नाही. खेचर हा शब्द वर्गात पुन्हा ऐकू आला नाही. पण ती खाली बसली तेव्हा तिचा चेहरा पटलेल्या माणसाचा नव्हता. ते मी ओळखलं, कारण तसा चेहरा मी रोज आरशात बघत होते.

पुढचे तीन महिने आम्ही दोघी एकमेकींवर नजर ठेवून होतो. ती माझ्या पोटाकडे बघायची आणि मी बघितलं की वहीत डोकं घालायची. आता मला बाळासाठी आणि तिच्यासाठी, दोघांसाठी भीती वाटत होती. माझं काही बरंवाईट झालं तर त्या पोरीच्या मनात पुस्तकातलं ते वाक्य कायमचं पक्कं होणार, या विचाराने मी पायऱ्या मोजून उतरायची.

मुलगी झाली. पूर्ण दिवसांची, खणखणीत रडणारी. सासूबाई वाकून बघत म्हणाल्या, की नाक कोळ्यांचं आहे आणि रडणं मालवणी. सगळे हसले. मी तिला छातीशी घेतलं आणि माझ्या मनात पहिला विचार काय यावा? हिला मूल व्हायला किती वर्षं लागतील, हा. बी.एस्सी., बी.एड. झालेली मी, दोन तासांच्या पोरीच्या पोटावर हात ठेवून वीस-बावीस वर्षांचा हिशोब करत होते. आनंद झाला, पण तो भीतीच्या मागून आला, उशिरा.

बारशानंतर एका रविवारी वर्गातली ती मुलगी आईबरोबर घरी आली. आईने शिवलेलं झबलं आणलं होतं. मोठ्या बायका चहाकडे वळल्या, तरी ती पाळण्यापाशीच उभी राहिली. मग म्हणाली, "बाई, घेऊ?"

मी बाळ तिच्या हातात दिलं. तिने ते अवघडून धरलं, मान सांभाळली, आणि प्रयोगशाळेत नमुना बघावा तसं नीट पाहू लागली. बोटं मोजली. कान पाहिले. पाय दाबून बघितला तर बाळाने तो झटक्यात ओढून घेतला. परीक्षा ती घेत होती आणि परीक्षेला बसले होते मी.

"माझ्यासारखीच आहे," ती शेवटी म्हणाली. विचारत होती की सांगत होती, ते आवाजावरून कळलं नाही.

"हो," मी म्हटलं. "तुझ्याच जातीची."